बिडाचा तवा गंजला म्हणून टाकू नका : दोघांच्या घरासाठी भांडी निवडताना

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं. लग्नाला आठ महिने झाले, पुण्यात दोघांचंच घर आहे. रुखवतातला नॉनस्टिक तवा सहा महिन्यांत सोलला. सासूबाईंनी स्वतःचा बिडाचा तवा दिला होता, तो साबणाने घासून ओट्यावर पालथा घातला, तर सकाळी तांबडा झालेला. स्टीलच्या कढईत पोहे बुडाला धरतात. आणि मोबाईलवर रोज कोणीतरी सांगतं की अ‍ॅल्युमिनियम म्हणजे विष, नॉनस्टिक म्हणजे विष, फक्त पितळेचीच भांडी वापरा. सगळं काढून नवीन घ्यायचं तर काय घ्यावं?

ताई, सगळं काढू नका. आणि तो तांबडा झालेला तवा तर मुळीच टाकू नका. तुमच्या घरात आत्ता जी भांडी आहेत त्यांत सगळ्यांत मोलाचं भांडं तेच आहे.

साताऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी मला काट्यापाशी बसवलं त्याला एकतीस वर्षं झाली. माहेर देवगडकडचं, त्यामुळे बीड मी दुकानात येण्याआधी चुलीवर पाहिलं. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आठवड्याला दोन-तीन मुली तरी येतात आणि बहुतेकींचा पहिला शब्द धातूचा असतो: लोखंड चांगलं की स्टील? मी उलटं विचारते, की तुमच्याकडे रोज काय शिजतं? भाकरी की पोळी? आमटीत चिंच, कोकम किती? दूध किती तापतं? घावन, धिरडी, डोसे होतात का? भांडं पदार्थावरून ठरतं. एकाच धातूचं सगळं घर भरलं की निम्मे पदार्थ बिघडतात आणि दोष बाईच्या हाताला लागतो.

आधी तव्याचं सांगते, कारण त्यात वेळ घालवू नये.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन तीन-चार टक्के असतो, म्हणून ते साच्यात छान ओतलं जातं, पण ठिसूळ असतं. हातातून फरशीवर पडलं तर तडकतं. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तरी तडकतं. हे मी स्वतः केलंय. दुकानात नवीन असताना एका बाईंना दाखवायला तवा तापवला, घाईत तसाच नळाखाली धरला, आणि काडकन आवाज होऊन काठापासून मधोमध चीर गेली. सासरे काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून मी गिऱ्हाईकाला बीड देताना हे वाक्य आधी सांगते: गरम असताना पाणी नाही.

गंज आला म्हणजे तवा बिघडला असं नसतं. गंज वरवरचा असतो. तव्याला खोलवर खड्डे पडले नसतील आणि चीर नसेल, तर तो एका दुपारी परत येतो. तव्यावर मूठभर जाडं मीठ टाका, थोडं तेल घाला आणि तारेच्या घासणीने जोर लावून घासा. गंज हट्टी असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात तवा अर्धा तास ठेवा, त्याहून जास्त नाही, कारण आंबट पाणी गंज संपल्यावर लोखंडालाच खायला लागतं. आमच्याकडे पूर्वी यासाठी चिंचेचा कोळ लावत, तोही चालतो. तवा खालून राखाडी दिसायला लागला की साबणाने एकदा धुवा, फडक्याने पुसा आणि लगेच मंद गॅसवर ठेवा. फडक्याने कोरडा झाला असं वाटतं, पण बिडाच्या बारीक छिद्रांत पाणी राहतं. तुमचा तवा एका रात्रीत तांबडा झाला तो त्यामुळेच.

आता तेल, आणि इथेच दहातल्या आठ जणी चुकतात. तव्याला तेल लावायचं आणि मग ते असं पुसून काढायचं, जणू चुकून लागलं होतं. हाताला जेमतेम ओशट लागलं पाहिजे, तेल दिसता कामा नये. मग मध्यम आचेवर धूर येईपर्यंत तापवा, धूर थांबू द्या, गॅस बंद करून आपोआप गार होऊ द्या. परत तेवढंच तेल, परत तापवणं. असं चार वेळा करा. खिडकी उघडी ठेवा.

यात होतं काय, तर तेलाचा पातळ थर उष्णतेने आणि हवेतल्या प्राणवायूने आळून घट्ट होतो, त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि लोखंडावर एक कडक, काळा, गुळगुळीत थर बसतो. जवसाचं तेल घालून केलेला रंग लाकडावर वाळून कडक होतो ना, तोच प्रकार. म्हणून जी तेलं अशी वाळतात, म्हणजे जवस, सूर्यफूल, सोयाबीन, ती या कामाला चांगली. जवसाचा थर दिसतो फार सुंदर, पण पुढे त्याची खपली निघते असा माझा अनुभव आहे, म्हणून मी सूर्यफुलाचं सुचवते. शेंगदाण्याचं चालतं. खोबरेल तेलाने हेच काम फार सावकाश होतं. आणि तेल जास्त झालं तर ते घट्ट न होता चिकट राहतं, माशी बसली तर अडकेल असं. ‘तवा चिकट झालाय’ म्हणून जेवढे तवे माझ्याकडे येतात, त्यांत जवळजवळ प्रत्येक वेळी कारण हेच असतं.

कोकणात नवीन बीड आणलं की दोन-तीन दिवस तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत भिजत ठेवतात, रोज धुवण बदलतात. ओतकामातली काळी भुकटी त्याने सुटते. मग त्यावर कांदा भाजायचा. आई अर्धा कांदा सुरीच्या टोकाला खोचायची, कापलेली बाजू तेलात बुडवून तव्यावर गोल गोल फिरवायची. घावन घालण्याआधी दर वेळी तोच कांदा. तेल अगदी पातळ, सगळीकडे सारखं लागतं. मी आजही घावनांना ब्रश वापरत नाही, कांदाच फिरवते.

तवा तयार झाला की पहिले आठ-दहा दिवस त्यावर घावन, डोसे घालू नका. कांदा परता, थालीपीठ लावा, बटाट्याच्या काचऱ्या करा, मासे खात असाल तर सुरमईचे तुकडे भरपूर तेलात तळा. प्रत्येक वेळी थर थोडा पक्का होतो. मग धिरडं घालून बघा. पहिलं धिरडं तुटेलच, त्याने खचू नका. तिसऱ्याला जाळी पडून कड आपोआप उचलली जाते, आणि ती उचलली गेली की उलथणं लावायचं, आधी नाही.

आणखी एक गोष्ट, जी मुलींना कोणी सांगत नाही. घावनांच्या तव्यावर पोळ्या भाजायच्या नाहीत. पोळीचा तवा कोरडा आणि खूप तापतो, त्या तापाने तेलाचा थर जळून जातो. एक दिवस तव्यावर पंधरा पोळ्या भाजल्या आणि दुसऱ्या दिवशी डोसा चिकटला, की बाई म्हणते तवा बिघडला. तवा बिघडलेला नसतो, त्याच्यावर दोन विरुद्ध कामं टाकलेली असतात. पोळी-भाकरीला साधा लोखंडी पत्र्याचा तवा वेगळा ठेवा. तो स्वस्त असतो, लवकर तापतो, लवकर निवतो, आणि भाकरी पाण्याचा हात फिरवून उलटायची असल्याने त्यावर थर टिकवायची गरजच नसते. फक्त पत्रा जाड बघा. पातळ तवा वर्षभरात मधोमध फुगतो आणि भाकरी मध्ये करपून कडेला कच्ची राहते.

बीड साबणाने धुवायचं का? तुमच्या सासूबाई ‘नाही’ म्हणाल्या असतील. पूर्वीचा साबण कडक खाराचा असायचा, तो थर काढायचा, म्हणून ती शिकवण. आजचं भांड्यांचं लिक्विड थोडंसं लावून मऊ घासणीने झटकन धुतलं तर पक्का थर जात नाही. भिजत ठेवायचं मात्र नाही. धुतलं की गॅसवर दोन मिनिटं ठेवून सुकवायचं आणि कोमट असतानाच तेलाचं बोट फिरवायचं. ओट्यावर पालथा घालणं बंद.

लोखंडाच्या कढईचंही इथेच सांगते. एक लहान कढई जरूर घ्या. मेथी, पालक, कारलं, सुकी भाजी त्यात फार चांगली होते, आणि लोखंड थोडंफार अन्नात उतरतं, ते आपल्याकडच्या बायकांना हवंच असतं. पण चिंच, टोमॅटो, कोकम घातलेली आमटी तिच्यात शिजवू नका. आंबटाने लोखंड भराभर उतरतं, रंग काळा पडतो, चव तुरट लागते आणि तुमचा थरही जातो. कुठल्याही भाजीला, लोखंडात शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची सवय लावा.

आता स्टील. पोहे धरतात म्हणजे तुमची कढई वाईट आहेच असं नाही, पण पातळ असणार असा माझा अंदाज आहे. तांबं जितक्या भरभर उष्णता पसरवतं त्याच्या निम्म्याहून थोडं अधिक अ‍ॅल्युमिनियम पसरवतं, बीड सातव्या-आठव्या हिश्श्याने आणि स्टेनलेस स्टील जेमतेम पंचविसाव्या हिश्श्याने. म्हणजे स्टीलमध्ये आच जिथे लागते तिथेच साठते. गॅसच्या ज्योतीचं कडं असतं, बरोबर त्याच कड्यात दूध लागतं, पोहे धरतात. भांडं रिकामं करून बुडाकडे बघा, गोल डाग दिसेल.

यावर उपाय म्हणून दोन प्रकार निघाले. एकात भांड्याच्या फक्त बुडाला अ‍ॅल्युमिनियमची चकती दाबून बसवलेली असते, त्याला बाजारात सँडविच बॉटम म्हणतात. दुसरा ट्रायप्लाय: आत स्टील, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, बाहेर परत स्टील, आणि हे तिन्ही थर काठापर्यंत. पातेल्याला, म्हणजे आमटी, दूध, चहा यांना सँडविच बॉटम पुरतं, कारण पाणी स्वतःच उष्णता फिरवतं. कढईला मात्र ट्रायप्लायच घ्या, कारण कढईत आपण कडेनेही परततो आणि सँडविच बॉटमच्या कढईत चकती संपते तिथे नेमका मसाला जळतो. ट्रायप्लाय खरं आहे का ते काठावर बघायचं. काठ उघडा ठेवलेला असेल तर मधली फिकट रेघ डोळ्यांना दिसते.

स्टीलच्या जातीबद्दल. आमच्याकडे रोज कोणीतरी लोहचुंबक घेऊन येतं. चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांगलं स्टील, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हे अर्धंच खरं आहे. ३०४ जातीत साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं, ती फार टिकाऊ, आणि तिला चुंबक चिकटत नाही. पण २०२ जातीत निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ती स्वस्त असते, आंबट-खारटाला कमी टिकते, आणि तिलाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने या दोघींतला फरक कळतच नाही. उलट ४३० जातीला चुंबक चिकटतं आणि ती वाईट नाही. इंडक्शनवर चालायला भांड्याचं बूड चुंबकाला धरणारंच लागतं, म्हणून ट्रायप्लायच्या बाहेरच्या थरात तीच असते. तुमच्या घरी इंडक्शन असेल तर चुंबक फक्त बुडाला लावून बघा. जात ओळखायला भांड्यावरचा ठसा आणि बिल हे दोनच आधार आहेत. बिलावर जात लिहून मागा, कचरू नका.

लोणचं, दही, ताक, कोकमाचं सार यांसाठी ३०४ घ्या. पाण्याचा हंडा, कोरडे डबे, ताटं यांना २०२ चाललं तरी काही बिघडत नाही, सगळीकडे महाग जात घेऊन पैसे घालवू नका. गेज विचारताना लक्षात ठेवा, आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. बावीस गेजपेक्षा अठरा गेज जाड. दुकानदार ‘बावीस गेज आहे, ताई’ असं जोरात सांगतो आणि मोठा आकडा ऐकून बाई खूश होते, असं मी अनेकदा ऐकलंय. आणि साधं स्टीलचं भांडं अजूनही किलोवर मिळतं, तेव्हा हातात तोलून बघा. एकाच मापाची दोन पातेली दोन हातांत घेतली की कुठलं घ्यायचं ते मनगट सांगतं.

पोहे न चिकटण्याची युक्ती. कढई रिकामी मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापू द्या. मग चार थेंब पाणी टाका. थेंब पसरून चर्र झाला तर अजून थांबा. थेंब मोत्यासारखा गोळा होऊन बुडावर इकडून तिकडे पळाला की कढई तयार. थेंबाखालीच वाफेची गादी तयार होते म्हणून तो टेकत नाही. आता आच कमी करा, तेल घाला, तेल हलकेच लाटा दाखवायला लागलं की मोहरी. बटाटा घालणार असाल तर काप पाण्यात धुऊन, त्यातला पिठूळपणा काढून, फडक्यावर कोरडे करून घाला. आणि घातल्याबरोबर कालथा मारू नका. दीड-दोन मिनिटं थांबा, खालची बाजू सोनेरी झाली की बटाटा आपणच सुटतो. पोहे भिजवून निथळायला ठेवताना चाळणीत ठेवा, ओलेच्या ओले घातले तर कुठल्याही कढईत धरतील.

स्टीलला पांढरे ठिपके पडतात, म्हणून लोक बदलायला घेऊन येतात. गार पाण्यात मीठ टाकून तसंच ठेवलं की मीठ बुडाशी बसतं आणि तिथे बारीक टोचे पडतात, ते जात नाहीत. मीठ उकळी फुटल्यावर घाला. निळसर-तांबूस रंग आला असेल तर तो तापाने आलेला असतो, लिंबाच्या सालीने जातो.

नॉनस्टिकवर एवढा राग नको. त्याचा इतिहास असा की १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला हा पदार्थ दुसऱ्याच कामात अचानक सापडला, आणि १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये तो तव्यावर चढवला गेला. नीट वापरलं तर ते धोक्याचं नाही. थर सोलून एखादा तुकडा पोटात गेला तरी तो न विरघळता बाहेर पडतो. धोका तापाचा आहे. २६० अंश सेल्सिअसच्या पुढे हा थर बिघडायला लागतो आणि आणखी तापला तर त्यातून घातक वायू निघतात. आपल्याकडे मोठ्या बर्नरवर रिकामा तवा ठेवून पीठ कालवायला वळायची सवय असते. पातळ तवा तेवढ्या वेळात तिथे पोचतो. घरात लव्हबर्ड किंवा पोपट असेल तर नॉनस्टिक स्वयंपाकघरात आणूच नका, त्या धुराने पक्षी पटकन मरतात. थरासाठी पूर्वी वापरलं जाणारं एक रसायन खरोखर वाईट होतं, मोठ्या उत्पादकांनी ते आता सोडून दिलं आहे.

तुमचा तवा सहा महिन्यांत सोलला तो बहुधा स्टीलच्या उलथण्याने आणि तारेच्या घासणीने. अंड्यांसाठी लहान नॉनस्टिक पॅन ठेवायचा असेल तर ठेवा, मंद आच, लाकडी उलथणं, आणि दोन-तीन वर्षांनी बदलायचं हे धरून चाला. फोडणी त्यात नको.

अ‍ॅल्युमिनियम. आपल्या बहुतेक घरांतला कुकर त्याचाच असतो आणि हॉटेलांतली हिंडालियमची मोठी पातेली म्हणजेही अ‍ॅल्युमिनियमचंच मिश्रण. त्याने विसरभोळेपणाचा आजार होतो असं सांगतात, पण संशोधनात तसा संबंध सिद्ध झालेला नाही. आंबट पदार्थाने ते थोडं उतरतं हे खरं, म्हणून चिंचेची आमटी त्यात शिजवून रात्रभर ठेवू नका. भात, डाळ, बटाटे बिनधास्त शिजवा. आतून काळं पडलं तर पाण्यात लिंबाच्या साली घालून उकळा.

कुकरच्या बाबतीत मी कडक आहे. २०२१ पासून आपल्याकडे घरगुती कुकरवर आयएसआय खूण सक्तीची आहे, ती आणि आयएस २३४७ हा आकडा झाकणावर किंवा भांड्यावर बघून घ्या, ऑनलाइन घेताना तर नक्कीच. कुकरमध्ये पाणी १०० अंशांवर न उकळता सुमारे १२१ अंशांपर्यंत चढतं, म्हणून तूरडाळ वीस मिनिटांत मऊ होते. महाबळेश्वरला उंचीमुळे पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. तिथल्या एक गिऱ्हाईक बाई सांगतात, पातेल्यात राजमा दुपारपर्यंत शिजत नाही. ज्या वाफेने एवढं काम होतं ती वाफ अडली तर झाकण छताला लागतं. आमच्या गल्लीतल्या एका घरी सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे कुकर फार तापला की वितळून वाफ सोडणारी झाकणावरची चकती, निकामी झाल्यावर रस्त्यावरून कुठलातरी आणून बसवला होता. शिट्टीच्या नळीत डाळीचं साल अडकलं आणि तो व्हॉल्व्ह वितळायचा तेव्हा वितळला नाही. माणसं बाहेरच्या खोलीत होती म्हणून वाचली. त्या झाकणाचा आकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. व्हॉल्व्ह आणि रिंग कुकरच्याच कंपनीची घ्या, रिंग वर्षाला बदला, शिट्टीची नळी दर वेळी उजेडाकडे धरून आरपार बघा, आणि डाळ असेल तर कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. दोघांना तीन लिटर पुरतो. एकावर एक डबे लावून डाळ-भात एकदम करायची सवय असेल तर पाच लिटरचा घ्या.

पितळ मला मनापासून आवडतं, पण पितळेला कलई लागते आणि ती दर वर्षा-दीड वर्षाने करावी लागते, हे धरूनच घ्या. कलई नसलेल्या पितळेत ताक, दही, आमटी ठेवली की ते कळकतं. हिरवट रंग, मळमळेल अशी चव. आमच्या दुकानामागच्या बोळात कलईवाले येतात तेव्हा मी काट्यावरून उठून बघायला जाते. जमिनीत लहान खड्डा, कोळसा, हाताने फिरवायचा भाता. पातेलं आधी वाळूने घासून लख्ख करतात, तापवतात, त्यात चिमूटभर नवसागर टाकतात आणि पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो. त्या क्षणाला कथिलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, मेणासारखं पसरतं, आणि कापसाच्या बोळ्याने एका हातात पातेलं फिरवत दुसऱ्या हाताने ते सगळीकडे नेतात. मळकट पिवळं पातेलं डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. लगेच पाण्यात बुडवतात. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा.

याच २३२ अंशांमुळे कलईचं भांडं रिकामं तापवायचं नाही, कलई ओघळून गोळा होते. आणि कलई कोणाकडूनही करून घेऊ नका. स्वस्तात करणारे कथिलात शिसं मिसळतात, आणि शिसं मात्र खरंच विष आहे. कलईवाल्याला कांडी दाखवायला सांगा. शुद्ध कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवली की आतून करकर आवाज येतो, भेसळीत तो दबतो. चांगला कारागीर हे विचारल्यावर रागावत नाही, उलट स्वतःच वाकवून ऐकवतो. तुम्ही पुण्यात आहात, कसबा पेठेत तांबट आळी आहे, पेशवाईपासून तिथे तांब्या-पितळेचं काम चालत आलं आहे. ठोक्याठोक्याने भांड्यावर माठारकाम करणारे हात तिथे अजून आहेत. घ्यायचं नसलं तरी एकदा जाऊन ते ठोके ऐका.

म्हणजे आत्ता खरेदी किती? बिडाचा तवा तुमच्याकडे आहे. जाड लोखंडी पोळीचा तवा, चोवीस सेंटिमीटरची ट्रायप्लाय कढई, दुधाला आणि आमटीला सँडविच बॉटमची दोन पातेली, तीन लिटरचा कुकर, आणि जमलं तर छोटी लोखंडी कढई. बास. दुधाच्या पातेल्यात दूध ओतण्याआधी आतून पाण्याने खळबळून घ्या, पुसू नका, दूध कमी लागतं. सेट घेऊ नका. सेटमधली तीन भांडी कामाची असतात आणि चार माळ्यावर जातात. सहा महिने स्वयंपाक करा, काय अडतं ते वहीत लिहा, मग पुढचं घ्या. दोघांची चार माणसं झाली की मापं बदलतील, तेव्हा बघू.

मोडीचं राहिलं. सोललेला नॉनस्टिक तवा अ‍ॅल्युमिनियमच्या भावात जाईल, द्या खुशाल. पण सासूबाईंच्या माळ्यावर पितळेची पातेली, घंगाळ, तांब्याचा बंब असं काही असेल आणि ‘घे नवीन, जुनं दे मोडीत’ असं त्या म्हणत असतील, तर एवढं करा: आधी घरच्या काट्यावर वजन करून कागदावर लिहून ठेवा, आणि एक पातेलं तरी मागे ठेवा. त्या जाडीचं नवीन पितळ आता आमच्याकडे सहसा येत नाही. त्याला कलई करून घ्या आणि रविवारी त्यात वरण करून बघा.